परळची मतपेटी

भायखळ्याचा पूल ओलांडून उत्तरेस निघालें म्हणजे प्रथम लालबाग लागतें, त्यापुढें परळ, आणि परळाच्या आजूबाजूस नायगांव, शिवडी, वरळी व डिलाईल रोड. या सर्व टापूस लोकांनीं गिरणगांव हें नांव दिलें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें मुंबईंतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पुढें पन्नास वर्षांच्या आंत हा टापू धुराड्यांनीं भरून गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणें या जिल्ह्यांतून माणसें आलीं, चाळींतून राहिलीं, आणि भोंग्याच्या हुकुमावर उठूं-बसूं लागलीं. गिरण्यांचा व संपांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्या मानानें तेथील मतपेटीचा इतिहास थोडक्यांच्याच ध्यानीं राहिला आहे. वास्तविक हिंदुस्थानांतील श्रमिक मनुष्य मत कसें देतो, कोणास देतो व केव्हां फिरवून घेतो, हें पाहावयाचें असेल, तर परळाएवढें बोलकें ठिकाण दुसरें मिळणें कठीण.

आरंभीं ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, परळास फार काळपर्यंत मतच नव्हतें. १९१९ च्या सुधारणांनीं प्रांतिक कौन्सिलें विस्तारलीं, परंतु मताचा अधिकार कर, भाडें आणि मालमत्ता यांच्या मापानें मोजला जाई. एका खोलींत आठ-दहा गडी राहावयाचे. पाळी बदलली कीं एकानें उठावें आणि दुसऱ्यानें त्याच जागीं पथारी टाकावी, अशी तेथील रीत. भाडेपावती मात्र एकाच्याच नांवें. बाकीचे कायद्याच्या दृष्टीनें जणूं मुंबईंत नव्हतेच! १९२८ सालीं हेच लोक सहा महिने संप करून अवघ्या शहराचा व्यापार थांबवूं शकले, परंतु कायदे करणाऱ्या सभेंत एक माणूस पाठविण्याची शक्ति त्यांतील बहुतेकांच्या अंगीं नव्हती.

१९३५ च्या कायद्यानें हें दार थोडें किलकिलें झालें. देशभर सुमारें तीन कोटी लोकांस प्रांतिक निवडणुकींत मत मिळालें. पात्रतेच्या अटी उरल्याच, परंतु त्या सैल झाल्या. आणि १९३७ च्या फेब्रुवारींत परळानें आपली पहिली मोठी झुंज पाहिली. भायखळा व परळ मिळून झालेल्या मतदारसंघांत दलितांसाठीं राखून ठेवलेल्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. सुमारें सहा महिन्यांपूर्वीं, म्हणजे १९३६ च्या ऑगस्टांत, त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. त्यांच्यासमोर काँग्रेसनें उभा केलेला उमेदवार कांहीं सामान्य नव्हता. बाळू पालवणकर हे हिंदुस्थानांतील पहिले थोर फिरकी गोलंदाज. १९११ सालीं हिंदी संघाबरोबर ते विलायतेस गेले व त्या एका दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. ज्या काळीं चांभाराच्या मुलास जिमखान्यांत चहासुद्धां वेगळ्या भांड्यांतून मिळे, त्या काळीं त्यानें गोऱ्या साहेबाच्या यष्ट्या उडवाव्या, याचा अभिमान दलितांच्या घराघरांत होता.

अशा दोन पुरुषांमध्यें परळास निवड करावयाची होती. एकीकडे क्रिकेटच्या मैदानावरील कीर्ति आणि पाठीशीं स्वातंत्र्याच्या चळवळीचें मोठें बळ. दुसरीकडे परळाच्याच सुधार ट्रस्टच्या चाळींत सुमारें बावीस वर्षें राहून, तेथील एका खोलींत पुस्तकांचे ढीग रचून अभ्यास केलेला बॅरिस्टर. निकाल लागला तेव्हां आंबेडकरांस १३,२४५ मतें मिळालीं होतीं आणि बाळूंस ११,२२५. अंतर २,०२० मतांचें.

या दोन हजार वीस मतांचें फळ काय मिळालें, हेंही पाहिलें पाहिजे. त्याच वर्षीं आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक विधानसभेपुढें मांडलें. परळांतील मतदारास खोत म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नव्हतें. तो गिरणींत साचा चालवीत असला तरी त्याचा बाप कोंकणांत खोताच्याच जमिनीवर राबत होता. त्याची मनिऑर्डर खोताचा वसूल भरण्यांतच संपत होती. पुढल्या वर्षीं संपाच्या हक्कावर बंधन घालणारें औद्योगिक कलहाचें बिल आलें, तेव्हां ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनीं मिळून एक दिवसाचा संप पुकारला. बिल मंजूर झालें तें झालेंच. परंतु निळा आणि लाल हे दोन झेंडे एकाच मैदानांत लागलेले परळानें पाहिले. ही गोष्ट पुढील कथेसाठीं लक्षांत ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानानें झाली, आणि १९५२ सालीं लोकसभेची. आतां भाडेपावती कोणी विचारीना. एकवीस वर्षें पुरीं झालीं कीं पुरे. खानावळवाली बाई आणि गिरणीमालक यांच्या मताचें वजन एक झालें. त्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व पेटीवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतदारानें कागदावर कांहीं लिहावयाचें नाहीं. पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटींत टाकावयाची. उत्तर मुंबई शहर हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण व एक राखीव. म्हणून प्रत्येकास दोन मतपत्रिका मिळत; पण दोन्ही एकाच पेटींत टाकल्यास त्यांतील एक बाद होई.

या साध्या नियमानें मोठा इतिहास घडविला. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननें समाजवाद्यांशीं सहकार्य केलें होतें. त्यांचे सहकारी उमेदवार अशोक मेहता. कम्युनिस्टांचे उमेदवार श्रीपाद अमृत डांगे. काँग्रेसतर्फे विठ्ठलराव गांधी आणि नारायणराव काजरोळकर. म्हणजे १९३८ सालीं एका मैदानांत आलेले झेंडे आतां समोरासमोर उभे होते. निकालांत काजरोळकरांस १,३८,१३७ व आंबेडकरांस १,२३,५७६ मतें पडलीं. ज्यांनीं घटनेचा मसुदा सिद्ध केला, ज्या घटनेनें परळांतील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिलें, तेच त्या मतानें १४,५६१ च्या फरकानें पडले! त्याच निवडणुकींत बाद ठरलेलीं मतें सत्तर हजारांहून अधिक होतीं. दुसरें मत वायां घालविण्याचा प्रचार कम्युनिस्टांनीं केला, असा आरोप करून आंबेडकर व मेहता यांनीं निवडणूक अर्ज दाखल केला; तो फेटाळला गेला. दोष कोणाचाही असो. श्रमिकांचे दोन पक्ष एकमेकांचें पाणी तोडूं लागले म्हणजे पीक तिसऱ्याच्या शेतांत येतें, हें मात्र परळास आकड्यांत वाचावयास मिळालें.

तें परळ विसरलें नाहीं. १९५५ च्या अखेरीस मुंबई महाराष्ट्रास मिळणार नाहीं, अशी चिन्हें दिसूं लागलीं. २१ नोव्हेंबर रोजीं फ्लोरा फौंटनजवळ गोळीबार झाला व पंधरा माणसें पडलीं. पुढल्या जानेवारींत गिरणगांवाच्या रस्त्यांवरही गोळ्या चालल्या. त्या लढ्यांत प्राण वेंचलेल्यांची संख्या शंभराच्या वर गेली, आणि त्यांत कामगारांचा वांटा मोठा होता. १९५६ च्या फेब्रुवारींत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. १९५७ च्या निवडणुकींत मध्य मुंबई शहर या दोन जागांच्या मतदारसंघांतून समितीच्या पाठिंब्यानें कम्युनिस्टांचे डांगे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने हे दोघेही लोकसभेवर निवडून आले. आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेंत गेले. पांच वर्षांपूर्वीं ज्या दोन मतपत्रिका एकमेकींशीं भांडल्या, त्या आतां बहिणी-बहिणींसारख्या शेजारच्या पेट्यांत पडल्या. चाळी त्याच, मतदारही बहुतांशीं तेच. समोरचा प्रश्न तेवढा बदलला होता. १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें.

मराठी राज्य झालें, तेव्हां मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न पुढें आला. १९ जून १९६६ रोजीं शिवसेनेची स्थापना झाली. १९६७ सालीं परळानें विधानसभेवर कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई यांस पाठविलें होतें. ते याच वस्तींत वाढलेले, महापालिकेंत अनेकदां निवडून आलेले. ५ जून १९७० च्या रात्रीं लालबागेंत त्यांचा खून झाला. पुढें खटला होऊन आरोपींस शिक्षा झाल्या. रिकाम्या झालेल्या जागेसाठीं ऑक्टोबरांत पोटनिवडणूक लागली. एका बाजूस देसाई यांच्या पत्नी सरोजिनीबाई, दुसऱ्या बाजूस शिवसेनेचे वामनराव महाडिक. परळांत त्या वेळीं क्वचितच असें घर असेल कीं ज्यांत मतभेद झाला नाहीं. बाप लाल बावट्याचा सभासद आणि मुलगा शाखेंत जाणारा, असा देखावा चाळीचाळींत होता. महाडिकांस ३१,५९२ आणि सरोजिनीबाईंस २९,९१३ मतें पडलीं. अंतर १,६७९. विधानसभेंत शिवसेनेचा पहिला आमदार परळानें पाठविला.

हा आकडा किती लहान, हें चाळीच्या हिशेबानें पाहावें. बी.डी.डी. चाळीच्या एका इमारतींत ८० खोल्या असतात. खोलीमागें दोनच मतदार धरले, तरी इमारतीस १६० मतें होतात. म्हणजे १,६७९ मतें साडेदहा इमारतींत मावतात. त्याच मापानें १९३७ चा निकाल साडेबारा इमारतींचा. शहराच्या राजकारणाचा प्रवाह दोनदां वळला, तो एवढ्याशा बांधावरून वळला.

तथापि जिंकणाऱ्यासही परळानें कायमचा पट्टा लिहून दिला नाहीं. १९७४ च्या जानेवारींत लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तींत काँग्रेसच्या रामराव आदिकांस शिवसेनेचा पाठिंबा असूनही कम्युनिस्ट पक्षाच्या डॉ. रोझा देशपांडे निवडून आल्या. दलित पँथरनें त्या वेळीं मतदानावर बहिष्कार पुकारला होता. मत न देणें हेंही एक मतच असतें, हें त्यानें दाखवून दिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतला गेला नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. १९८४ सालीं इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट उसळली असतां, दक्षिण मध्य मुंबईंतून संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत कोणत्याही मोठ्या पक्षाच्या आधारावांचून निवडून आले. पगार बुडालेल्या, भांडीं गहाण पडलेल्या माणसांनीं संप हरल्यावर आपल्या पुढाऱ्यास दिलेलें हें मत होतें. १९८९ सालीं तीच जागा वामनराव महाडिकांकडे गेली.

२००८ च्या पुनर्रचनेंत परळ हें नांव विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादींतून गेलें. लालबाग-परळ आतां शिवडी मतदारसंघांत मोडतें. २००९ सालीं तेथून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगांवकर आले, आणि २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही वेळीं अजय चौधरी. पहिल्या दोन वेळीं शिवसेनेतर्फे आणि तिसऱ्या वेळीं, पक्षाचे दोन भाग झाल्यावर, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेतर्फे. धुराड्यांच्या जागीं कांचेचे मनोरे उभे आहेत. अनेक कुटुंबें कल्याण-डोंबिवलीकडे, विरारकडे गेलीं, आणि त्यांचीं मतेंही त्यांच्याबरोबर गेलीं.

परळाच्या या इतिहासांतून एक शंका मात्र उरते, ती झांकून ठेवूं नये. एवढ्या जागरूकपणें मत देऊनही परळास आपली गिरणी वांचवितां आली नाहीं. मतानें खोतीचा प्रश्न सभागृहांत नेला, राज्य मिळविलें, पक्ष उठविले आणि बसविले. परंतु गिरणीचा दरवाजा उघडा ठेवण्याची ताकद त्या पत्रिकेंत नव्हती. तरीही परळाचा मतदार मतपेटीवर रुसून बसला नाहीं. ज्यानें तीन पिढ्यांत तीन झेंड्यांस मत दिलें, त्यास चंचल म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं, १९३७ सालीं त्याच खोलींत दहांपैकीं नऊ माणसांस मतच नसे. ज्यास ही वस्तु इतक्या उशिरां मिळाली, त्यानें ती कोणाकडेही कायमची गहाण ठेवली नाहीं. यांत चंचलपणा नाहीं, सावधपणा आहे.