तह, दत्तक आणि न्यायासन

गोंदियाजवळचे कामठा ही एके काळी वैनगंगेच्या खोऱ्यातली मोठी जमीनदारी. १८१८ साली तेथील चिमणा पाटलाने अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. कामठ्याचा किल्ला पडला. १८२६ मध्ये कंपनीने तिसऱ्या रघूजींशी नवा तह केला. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले, राणीवशाचा दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही, आणि १८५४ मध्ये गोंदियाच्या मुलखासह सारे नागपूर राज्य खालसा झाले. तहाचा अर्थ लावणार कोण? तो मोडणाराच!

त्रयस्थ न्यायासन असते तर निकाल वेगळा लागला असता, असे आपणांस वाटते. परंतु अमेरिकेत ते होते. १८३२ साली वूस्टर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींशी झालेले तह बंधनकारक ठरवले. तरीही १८३८ मध्ये त्यांना मायभूमीतून हाकलण्यात आलेच. मूठभरांनी सह्या केलेला १८३५ चा दुसरा तह त्यासाठी पुढे करण्यात आला.

आपल्याकडे तंजावरच्या भोसल्यांनी दावा लावून पाहिला. राजाच्या पश्चात कंपनीने खासगी मालमत्ताही जप्त केली, तेव्हा राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला: जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य, न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयास तेथे अधिकार नाही. १८६२ साली ती मालमत्ता राण्यांना परत मिळाली, पण सरकारची मेहेरबानी म्हणून.