'अमेरिकन ड्रीम' नेमकं आलं कुठून? अडीचशे वर्षांपूर्वीची ही पुस्तकं काय सांगतात?

अमेरिकेत सेटल झालेल्यांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. मोठं घर, दारात गाडी आणि खाली कॅप्शन, 'अमेरिकन ड्रीम'. मेहनत करा, तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात हे तिथे कोणी विचारत नाही, असा त्या दोन शब्दांचा साधा अर्थ.

हा शब्दप्रयोग लोकप्रिय झाला १९३१ मध्ये. महामंदीचा काळ होता आणि इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी 'द एपिक ऑफ अमेरिका' या पुस्तकात तो वापरला. कल्पना मात्र त्याच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीपासून पुस्तकांत होती. विशेष म्हणजे, या स्वप्नाच्या अटी आणि शर्तीही तेव्हाच लिहून झाल्या होत्या.

स्वप्न पहिल्यांदा नीट मांडलं कोणी?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव एका फ्रेंच माणसाचं आहे, क्रेव्हकर. १७३५ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात जन्म. कॅनडात फ्रेंच सैन्यात नोकरी. तिथून तो न्यूयॉर्कच्या इंग्रज वसाहतीत आला, १७६५ मध्ये तिथला नागरिक झाला, नाव बदलून जे. हेक्टर सेंट जॉन केलं. मग जमीन घेतली, लग्न केलं, शेती सुरू केली. मुलीच्या नावातही त्याने 'अमेरिका' घातलं.

१७८२ मध्ये लंडनला त्याचं 'लेटर्स फ्रॉम अ‍ॅन अमेरिकन फार्मर' प्रसिद्ध झालं. एका काल्पनिक शेतकऱ्याने लिहिलेली ही १२ पत्रं. त्यातलं तिसरं पत्र आजही अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवलं जातं, कारण त्यात तो विचारतो की अमेरिकन माणूस म्हणजे नक्की कोण?

त्याचं उत्तर थोडक्यात असं. युरोपात गरीब माणूस राबतो आणि पीक जातं जमीनदाराच्या, राजाच्या आणि चर्चच्या घरात. इथे तो स्वतःच्या जमिनीवर राबतो. ज्या देशाने पोटाला दिलं नाही त्याच्याशी बांधिलकी ती कसली? इंग्लिश, डच, फ्रेंच, जर्मन अशी कुटुंबं लग्नसंबंधांतून एकमेकांत मिसळतात आणि त्यातून एक नवाच माणूस तयार होतो.

याच पत्रात अँड्र्यू नावाच्या स्कॉटिश माणसाची गोष्ट आहे. तो जवळपास रिकाम्या हाताने येतो आणि काही वर्षांत जमीनजुमल्याचा मालक होतो. शेवटी त्याच्या मालमत्तेचा हिशोबच दिलाय. आजच्या 'झिरो टू हिरो' पोस्टचा हा पूर्वज म्हणा ना.

फ्रँकलिन यात कुठे येतात?

बेंजामिन फ्रँकलिन स्वतः स्थलांतरित नव्हते, त्यांचे वडील इंग्लंडहून आलेले. पण १७२३ मध्ये, १७ वर्षांचे असताना, ते भावाच्या छापखान्यातून पळून फिलाडेल्फियाला पोचले. खिशात जेमतेम पैसे. त्यातून पाव विकत घेऊन खात खात ते शहरभर फिरले, हा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रामुळे अजरामर झाला.

त्यांची दुसरी पुस्तिका मात्र कमी लोकांना माहीत असते. फ्रँकलिन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असताना युरोपातले लोक त्यांच्याकडे नोकऱ्या आणि जमिनी मागायला येत. १७८४ मध्ये त्यांनी अशा इच्छुकांसाठी सरळ माहितीपत्रकच छापलं. त्यातला मजकूर असा: सरकार प्रवासखर्च देत नाही, फुकट जमीन देत नाही, बड्या पगाराची पदंही नाहीत. खानदानाचं नाव तिथे चालत नाही, हातात काय काम आहे ते विचारतात. सुतार, लोहार, शेतमजूर असाल तर या.

मग तिकिटाचे पैसे कोण देणार?

खरी मेख इथे होती. वसाहतींच्या काळात युरोपातून आलेल्यांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त लोक करारबद्ध नोकर म्हणून आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. प्रवासाचं भाडं नाही? मग काही वर्षं मालकाकडे बिनपगारी काम करून फेडा.

गॉटलीब मिटलबर्गर हा जर्मन शिक्षक १७५० मध्ये पेनसिल्व्हेनियाला गेला आणि चार वर्षांनी परतला. १७५६ मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं, ते लोकांना जाण्यापासून परावृत्त करण्यासाठी. जहाजावरची उपासमार, रोगराई, समुद्रात टाकलेली लहान मुलांची प्रेतं, सगळं त्यात आहे. भाडं फेडायला आईबाप पोटची मुलं नोकर म्हणून देत. नवरा किंवा बायको अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर वारली, तर तिच्या वाट्याचं कर्जही मागे राहिलेल्याच्या डोक्यावर.

आणि जे स्वतःहून आलेच नव्हते?

फिलिस व्हीटली हिला १७६१ मध्ये, सात-आठ वर्षांची असताना, आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकलं गेलं. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला. एक गुलाम मुलगी असं लिहू शकते यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून पुस्तकाला बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांचं प्रमाणपत्र जोडावं लागलं. पुढे ती स्वतंत्र झाली, पण १७८४ मध्ये गरिबीतच वारली.

ओलाउदाह इक्वियानोचं आत्मचरित्र १७८९ चं. किरकोळ व्यापार करून त्याने पै-पै साठवली आणि १७६६ मध्ये स्वतःची सुटका विकत घेतली. मेहनत, काटकसर, हिशोब हे सगळे फ्रँकलिनचेच गुण. फ्रँकलिनने त्यातून छापखाना उभा केला, इक्वियानोला आधी स्वतःचंच शरीर विकत घ्यावं लागलं.

ज्या जमिनीच्या जोरावर हे स्वप्न उभं होतं, ती आधी मूळ रहिवाशांची होती. त्यांची बाजू पेक्वॉट जमातीतल्या विल्यम एपेस यांनी १८२९ मध्ये 'अ सन ऑफ द फॉरेस्ट' या आत्मचरित्रात मांडली.

कायदा काय म्हणत होता?

१७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तीलाच नागरिक होता येत होतं. याच अटीवर बोट ठेवून १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या भारतीयाला नागरिकत्व नाकारलं. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलं होतं, तरीही. भारतीयांसाठी हे दार कायद्याने उघडलं ते १९४६ मध्ये.

महाराष्ट्रात या स्वप्नाची दुसरी बाजू फार लवकर वाचली गेली. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ते तिथल्या सुबत्तेसाठी नव्हे, तर काळ्या लोकांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल.

क्रेव्हकरचं पुढे काय झालं?

त्याच्याच पुस्तकात पुढे स्वप्नाला तडे जातात. नवव्या पत्रात चार्ल्स टाउनजवळ पिंजऱ्यात मरायला टांगलेला गुलाम दिसतो. बाराव्या पत्रात युद्ध दाराशी येतं आणि शेतकरी घरदार सोडायच्या तयारीत असतो.

प्रत्यक्षातही तसंच झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात क्रेव्हकरवर दोन्ही बाजूंचा संशय होता. ब्रिटिशांनी त्याला न्यूयॉर्कमध्ये कैदेतही टाकलं. तो कसाबसा युरोपात पोचला. १७८३ मध्ये फ्रान्सचा वाणिज्यदूत होऊन तो परत आला, तेव्हा बायको वारली होती, घर जळालं होतं आणि मागे ठेवलेल्या दोन मुलांचा पत्ता नव्हता. ती पुढे बॉस्टनमध्ये सापडली, एका अनोळखी कुटुंबाने त्यांना सांभाळलं होतं. क्रेव्हकर अखेर फ्रान्सला परतला आणि १८१३ मध्ये तिथेच वारला.

तिसरं पत्र आजही शेअर होतं. पण ज्याला जायचंय, त्याने नववं आणि बारावंही वाचावं.