आंबेनळीच्या कातळाची कुळकथा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना दोन्ही अंगांना दिसतो तो काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. लाव्हाच्या थरांची ही चळत सुमारे 1200 मीटर जाड आहे, वय साडेसहा कोटी वर्षांहून थोडं जास्त.

पूर्वी भूशास्त्रज्ञ हे थर डोळ्यांनी ओळखत: स्फटिक केवढे, पोकळ्या किती, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे का. एका घाटापुरतं ते भागे. पण दूरच्या घाटातला थर हाच का, हे सांगणं अवघड होतं. त्याचं उत्तर रसायनशास्त्राने दिलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे आर. एन. सुखेश्वाला आणि ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स यांनी सहकाऱ्यासह 1981 मध्ये महाड–महाबळेश्वर पट्ट्याचं भूरसायन मांडलं. 1985 मध्ये कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी तळापासून माथ्यापर्यंत तीन गट पाडले: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर.

यातली खूण फार सुंदर आहे. प्रावरणातून वर येणारा शिलारस वाटेत भूकवचाचे जुने खडक वितळवून पोटात घेतो. मग त्यात बेरियम वाढतं, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण बदलतं. पोलादपूरच्या थरांत ही भेसळ स्पष्ट आहे. आंबेनळीच्या थरांत ती जवळजवळ नाही. प्रावरणाचा मूळ स्वभाव तिथे वाचता येतो. महाबळेश्वरचे थर पुन्हा वेगळे. डोळ्यांना न दिसणारा फरक कातळाने कोट्यवधी वर्षं जपला आहे.

पुढे आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर यांनी सह्याद्रीभर हीच पद्धत लावून नकाशा केला. या तिन्हींसह वरच्या गटांना मिळून नाव मिळालं ‘वाई उपसमूह’. थर दक्षिणेकडे किंचित कलते आहेत, म्हणून सांगलीकडे जावं तसे वरचे, नंतरचे थर पायांखाली येतात.

2008 मध्ये स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या राजमहेंद्रीचा बेसाल्ट तपासला. त्याची रासायनिक ठेवण आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळली. लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

सातारा-सांगलीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकदा तरी या घाटात न्यावं आणि आंबेनळी हे नाव जगभरच्या शोधनिबंधांत का येतं, ते कातळापाशी उभं राहून समजावून सांगावं.