आखडलेला खांदा आणि शॉकवेव्ह उपचार

मानवी शरीरात सर्वाधिक दिशांना फिरणारा सांधा म्हणजे खांदा. डोक्यावरून पदर घेणे, फेटा बांधणे, फळीवरचा डबा काढणे, वेणी घालणे ही नित्याची कामे या सांध्याच्या मोकळेपणावर अवलंबून असतात. चाळिशीनंतर काही जणांच्या बाबतीत हा मोकळेपणा हळूहळू नाहीसा होतो. प्रथम खांदा ठणकू लागतो, रात्री त्या कुशीवर झोपणे अवघड होते आणि काही महिन्यांत हात एका मर्यादेपलीकडे उचलताच येत नाही. हा विकार ‘फ्रोजन शोल्डर’, म्हणजे गोठलेला किंवा आखडलेला खांदा, या नावाने ओळखला जातो. त्यावरील शस्त्रक्रियाविरहित उपचारांमध्ये अलीकडच्या काळात शॉकवेव्ह थेरपीचा समावेश झाला आहे. हा उपचार उपयुक्त आहे; मात्र त्याचे फळ योग्य निदान आणि नियमित व्यायाम यांच्या जोडीनेच मिळते.

विकाराचे स्वरूप

फ्रान्समधील शल्यविशारद द्युप्ले यांनी १८७२ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव अमेरिकेतील डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. खांद्याच्या सांध्याभोवती एक लवचिक पिशवीसारखे आवरण असते. या आवरणास सूज येते, ते जाड होते आणि आकसते. परिणामी सांध्याला फिरण्यास जागाच उरत नाही.

विकाराच्या साधारण तीन अवस्था मानल्या जातात. पहिली वेदनेची अवस्था काही आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत टिकते. दुसऱ्या अवस्थेत वेदना ओसरते, पण ताठरपणा कायम राहतो. ही अवस्था चार ते बारा महिने चालते. तिसऱ्या अवस्थेत खांदा सावकाश मोकळा होऊ लागतो. संपूर्ण चक्र बहुधा एक ते तीन वर्षांचे असते. बहुसंख्य रुग्ण सुधारतात, तथापि काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा दीर्घकाळ राहून जातो.

मधुमेहाशी निकटचे नाते

सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे दोन ते पाच टक्के लोकांना हा विकार होतो. मधुमेही रुग्णांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. रक्तातील वाढलेली साखर शरीरातील कोलॅजन या प्रथिनाला चिकटते आणि त्यामुळे सांध्याचे आवरण कडक होते, असे यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. थायरॉइडचे विकार, पक्षाघात, हाड मोडल्यानंतर दीर्घकाळ गळ्यात अडकवलेला हात, स्तनाची शस्त्रक्रिया यांनंतरही खांदा आखडू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांना त्याची जाणीवही नसते. म्हणूनच खांदा आखडलेल्या प्रत्येक रुग्णाने प्रथम रक्तातील साखर तपासून घेणे इष्ट ठरते. काही वेळा खांद्याचे दुखणे हीच मधुमेहाची पहिली खूण असते.

निदान महत्त्वाचे

दुखणारा प्रत्येक खांदा आखडलेला नसतो. फ्रोजन शोल्डरची खूण अशी की रुग्णाला स्वतः हात हलवता येत नाही आणि दुसऱ्याने हलवला तरी तो पुढे जात नाही. कोपर अंगालगत ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल सर्वांत आधी व सर्वांत जास्त कमी होते. याउलट खांद्याचा स्नायुबंध तुटलेला असल्यास रुग्णाला हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलल्यास तो बऱ्याच अंशी वर जातो. एक्स-रे बहुधा सर्वसामान्य दिसतो. तरीही सांध्याची झीज, स्नायुबंधात साठलेले कॅल्शियम किंवा हाडातील अन्य आजार नाही ना, हे पाहण्यासाठी तो काढावा लागतो. मानेतील दबलेली नस आणि हृदयविकार यांची वेदनाही खांद्यात जाणवू शकते. चालताना वाढणारी, छातीत दडपण व घाम आणणारी डाव्या खांद्याची वेदना असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शॉकवेव्ह म्हणजे काय?

‘शॉक’ या शब्दामुळे अनेकांची समजूत होते की या उपचारात विजेचा झटका दिला जातो. वस्तुतः या ध्वनीच्या जातीच्या दाबलहरी असतात. त्यांचा वैद्यकीय वापर प्रथम मूत्रपिंडातील खड्यांसाठी झाला. जर्मनीतील म्युनिक येथे डॉ. ख्रिस्तियान शाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा मूतखडा शरीरास छेद न देता या लहरींनी फोडला. पुढे न जुळणारी मोडलेली हाडे, टाचदुखी आणि खांद्याच्या स्नायुबंधातील कॅल्शियम यांसाठी त्यांचा उपयोग होऊ लागला.

या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. ‘फोकस्ड’ प्रकारात लहरी शरीराच्या आत ठरावीक खोलीवर एकवटतात. ‘रेडियल’ प्रकारात संपीडित हवेच्या दाबाने हातातील उपकरणामध्ये एक लहान धातूचा तुकडा वेगाने आदळतो व निर्माण झालेला दाब त्वचेपासून आत पसरत जातो. खोलवर जाताना त्याची शक्ती कमी होते. रेडियल यंत्र तुलनेने स्वस्त असल्यामुळे फिजिओथेरपी केंद्रांत त्याचा वापर मोठा आहे. आपल्यावर कोणत्या प्रकारचा उपचार होणार आहे, हे रुग्णाने विचारून घ्यावे.

उपचारासाठी भूल द्यावी लागत नाही. खांद्यावर जेल लावून उपकरण टेकवले जाते आणि एका बैठकीत साधारणतः दीड ते दोन हजार स्पंदने दिली जातात. बैठक दहा-पंधरा मिनिटांत संपते. बहुधा आठवड्यातून एकदा, अशा तीन ते सहा बैठका होतात. उपचाराच्या वेळी ठोके बसल्यासारखे दुखते. नंतर एक-दोन दिवस लाली, सूज किंवा किरकोळ काळेनिळे डाग राहू शकतात. लहरींमुळे वेदनावाहक तंतूंची संवेदना मंदावते आणि ऊतींतील रक्ताभिसरण वाढते, असे मानले जाते.

गुण किती येतो?

खांद्याच्या विकारांपैकी स्नायुबंधात कॅल्शियम साठण्याच्या विकारात शॉकवेव्हचा पुरावा सर्वाधिक भक्कम आहे. आखडलेल्या खांद्याच्या बाबतीत इराण, तैवान आदी देशांत २०१४ पासून अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांमध्ये वेदना कमी होणे आणि हालचाल वाढणे असे अनुकूल निष्कर्ष मिळाले. मात्र बहुतेक अभ्यासांतील रुग्णसंख्या मर्यादित होती आणि पाठपुरावा काही महिन्यांपुरताच होता. त्यामुळे शॉकवेव्ह हा पूरक उपचार मानणे योग्य ठरते. ‘चार बैठकांत खांदा पूर्ण मोकळा’ अशा हमीवर विश्वास ठेवू नये.

वेदनेच्या प्रारंभिक अवस्थेत सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन लवकर आराम देते. परंतु मधुमेही रुग्णांची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते. ज्यांची साखर आटोक्यात नाही किंवा ज्यांना इंजेक्शन नको आहे, त्यांच्यासाठी शॉकवेव्ह हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे वा रक्तस्रावाचा विकार असलेले रुग्ण, तसेच उपचाराच्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांनी तो टाळावा. पेसमेकर बसवलेला असल्यास वा नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असल्यास तसे आधीच सांगावे.

गावातील रुग्णाचा हिशेब

शहरातील रुग्णाला दर आठवड्याची बैठक फारशी अडचणीची वाटत नाही. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याच्या ईटसारख्या गावातील रुग्णासाठी मात्र यंत्राच्या शुल्काइतकाच प्रवासाचा खर्च आणि बुडालेला रोजगार महत्त्वाचा असतो. हा तालुका दूध आणि खव्यासाठी ओळखला जातो. धार काढणे, भट्टीवरच्या कढईत खवा सतत ढवळणे, ज्वारीची काढणी ही सारी खांद्याची कामे आहेत. अशा कामांत एक हात निकामी होणे म्हणजे घराचे उत्पन्न घटणे होय.

म्हणून येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तातील साखरेची तपासणी शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ती आधी करावी. त्यानंतर एकदा अस्थिरोगतज्ज्ञांकडून निदान निश्चित करून घ्यावे आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. वेदनेमुळे व्यायामच होत नसेल, तेव्हा शॉकवेव्हसाठीच्या फेऱ्यांचा खर्च सार्थकी लागू शकतो. बैठका घेऊन घरी व्यायाम न केल्यास तो खर्च बहुतांशी वाया जातो. जोराने खांदा ओढून ‘मोकळा’ करवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात हाड मोडण्याचा किंवा स्नायुबंध फाटण्याचा धोका असतो.

घरच्या घरी व्यायाम

व्यायामापूर्वी दहा मिनिटे खांदा कोमट पाण्याच्या पिशवीने शेकावा. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असल्यास पाण्याची उष्णता दुसऱ्याने तपासावी.

लोलक व्यायाम : चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाकावे. दुखरा हात सैल सोडून लोलकासारखा पुढे-मागे व गोलाकार हलवावा.

भिंतीवर बोटे चालवणे : भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढावे. गाठलेल्या उंचीवर खूण करावी. प्रगती मोजता येते.

काठीचा व्यायाम : दोन्ही कोपरे अंगालगत ठेवून काठी दोन्ही हातांत धरावी आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलावा.

पंचाचा व्यायाम : पंचा पाठीमागे दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात सावकाश वर ओढावा. वेदनेच्या पहिल्या अवस्थेत हा व्यायाम करू नये.

हे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे करावेत. ताण जाणवणे ठीक. परंतु व्यायामानंतरची वेदना रात्रभर टिकत असेल तर जोर कमी करावा.

शस्त्रक्रिया केव्हा?

सुमारे सहा महिने नियमित उपचार करूनही हालचाल वाढली नाही, तर भूल देऊन खांदा हलवणे किंवा दुर्बिणीद्वारे आवरण मोकळे करणे यांचा विचार होतो. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही पद्धतींची तुलना स्टेरॉइडसह पद्धतशीर फिजिओथेरपीशी करण्यात आली. एक वर्षानंतर कोणताही उपचार इतरांपेक्षा रुग्णाला जाणवण्याइतका सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई करू नये, हाच त्याचा व्यावहारिक अर्थ. शस्त्रक्रिया झाली तरी व्यायाम चुकत नाहीत.

आखडलेला खांदा जीवघेणा नाही, पण संयमाची कसोटी पाहणारा आहे. साखर आटोक्यात ठेवणे, निदान वेळेवर करून घेणे आणि रोजचा व्यायाम न चुकवणे ही उपचाराची मुख्य सूत्रे असून शॉकवेव्ह त्यांना बळ देणारे साधन आहे.