अनुदान कोणाला, अध्यापक कोणाचा?

1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपल्या चळवळीला तोंडपाठ आहे. त्याच निवेदनातला पैशाचा आणि मास्तर घडविण्याचा भाग मात्र आपण क्वचितच वाचतो. मला खरी मेख तिथेच दिसते.

1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यावे आणि शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूले काढावीत, असे सांगितले. पण अनुदान मागायला आधी संस्था लागते. जागा, भांडवल, इंग्रजीत अर्ज लिहिणारा हात लागतो. ज्यांच्याजवळ हे होते त्यांच्याच ओंजळीत पाणी पडले. शेतकरी मात्र साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड भरीत होता, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता!

जोतीराव सांगतात, प्राथमिक शाळांतले जवळजवळ सारे शिक्षक ब्राह्मण आहेत. ट्रेनिंग कॉलेजातून आलेले थोडे, बाकीचे अप्रशिक्षित. पगार दहा रुपयांच्या वर क्वचित. निकालावर अनुदान देण्याची पद्धत खालच्या वर्गांसाठी कुचकामी आहे, असेही ते बजावतात. जिथे शिक्षणाची गोडी नाही तिथे स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणत्या मास्तराचे पोट भरणार? ही गोडी का नव्हती, हे महारवाड्याला विचारावे. शाळेच्या ओट्यावरही ज्याला बसू दिले नाही, त्याच्या परीक्षेचा निकाल कसला आणि त्यावर अनुदान कसले?

म्हणून त्यांची मागणी नुसत्या जादा पैशाची नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्याला शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान द्या, गरज पडली तर नांगर धरायला न लाजणारा माणूस घडवा आणि त्याला बारा रुपयांहून कमी देऊ नका, असे ते म्हणतात. त्याच्याकडे गावचे हिशेब तपासणे, पोस्ट अशी कामेही सोपवा, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, हा त्यांचा व्यवहारी सल्ला आजही मला चकित करतो.

पुढे 1935 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. बादशहाच्या ज्युबिलीचे नाव आणि आत खेड्यातली बहुजन पोरे! त्याच रयत शिक्षण संस्थेचे अनुदान 1948 साली मुंबई सरकारने बंद केले. ते पुन्हा सुरू झाले, पण अनुदानाची दोरी कोणाच्या हातात असते हे तेव्हा उघड झाले.

नंतरच्या काळात विनाअनुदानित डी.एड. कॉलेजांचे पीक आले. प्रशिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीवरून उतरून शेतमजुराच्या घरावर आला. कोणी जमीन गहाण टाकली, कोणी आईचे डोरले. 2000 साली सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. फी भरून प्रशिक्षित झालेल्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे महिना 3000 रुपये मानधन ठरले.