लंडनच्या पेपरात निजाम, आणि इकडं आपली तोंडं बंद

17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. रझाकार, कासीम रझवी, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन. भाषण तिथंच संपतं. त्या लढाईची एक आघाडी मात्र आपल्या भाषणांत कधीच येत नाही. ती लंडन आणि पॅरिसला होती, आणि तिथलं हत्यार होतं वर्तमानपत्राचा कागद.

मला हे आठवायचं कारण म्हणजे चीन. दचकू नका, सांगतो.

चीनचे राजदूत युरोपातल्या पेपरांत लेख लिहितात, तिथल्या टीव्हीवर जाऊन बसतात. लिउ श्याओमिंग हे 2010 ते 2021 अशी अकरा वर्षं लंडनला राजदूत होते. 2014 च्या सुरुवातीला त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेख लिहून जपानच्या लष्करशाहीला हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्टची उपमा दिली. चार दिवसांत जपानच्या राजदूतानं त्याच पेपरात उत्तर दिलं. दोन्ही छापून आलं. आता उलटं बघा. मे 2020 मध्ये चीन-युरोप संबंधांना 45 वर्षं झाली म्हणून युरोपीय संघाच्या राजदूतांनी मिळून 'चायना डेली'साठी लेख लिहिला. करोनाचा उगम चीनमध्ये झाला, एवढा एक उल्लेख त्यात होता. तो कापूनच लेख छापला गेला. म्हणजे यांना तिकडं सगळं पान मोकळं, आणि तिकडच्यांना यांच्याकडं एक वाक्य मिळेना.

तीर्थपुरीत बसून आपल्याला याचं काय? तर हाच खेळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या सरकारनं खेळलेला आहे, आणि तो आपल्याच नावानं खेळला गेला.

1948 साली जालना जिल्हा नव्हता. आपण अंबड तालुका, औरंगाबाद जिल्हा, हैदराबाद संस्थान. क्षेत्रफळ सुमारे 82 हजार चौरस मैल, लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या आसपास. समुद्र नाही, चारी बाजूंनी भारत. 15 ऑगस्ट 1947 ला निजाम भारतात आला नाही. 29 नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला, तोही एका वर्षापुरता. सैन्य तुटपुंजं, बंदर नाही, कुणाची मान्यता नाही. अशा राज्याजवळ दोनच गोष्टी होत्या : पैसा आणि ब्रिटनमधली जुनी ओळख.

ही ओळख साधीसुधी नव्हती. पहिल्या महायुद्धात निजामानं ब्रिटिशांना विमानांची एक अख्खी तुकडी दिली, 110 क्रमांकाची 'हैदराबाद स्क्वाड्रन'. दुसऱ्या महायुद्धात 152 क्रमांकाची, आणि तिच्या बोधचिन्हावर तर निजामाचं शिरोभूषणच होतं. 1918 मध्ये ब्रिटिशांनी त्याला 'विश्वासू मित्र' असा किताब दिला. 22 फेब्रुवारी 1937 च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला. त्यामुळे लंडनच्या वाचकाला हैदराबाद म्हणजे हिरे, मोती आणि युद्धात उपयोगी पडलेला राजा एवढं पाठ होतं. अंबड-परतूरच्या शेतकऱ्याचं तोंड त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं.

या भांडवलावर प्रचार उभा राहिला. निजामाचे घटनात्मक सल्लागार होते सर वॉल्टर माँक्टन. आठवा एडवर्ड गादी सोडत होता तेव्हा त्याला सल्ला देणारे हेच वकील. लंडनच्या बड्या लोकांत त्यांची सहज उठबस. लंडनला संस्थानचा एजंट जनरल होता, मीर नवाझ जंग. हैदराबाद सरकारनं भारताशी असलेल्या संबंधांवर इंग्रजी पुस्तिका छापली. कराचीत तर भारताला न विचारता जनसंपर्क अधिकारी नेमला. परराष्ट्र व्यवहार करारानं भारताकडं होता, म्हणून दिल्ली यावर चिडली. वीस कोटींचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले, त्यावर तर भडकलीच.

आणि हे लागूही पडलं. मोठा शेजारी लहान राज्याची नाकेबंदी करून गळा आवळतोय, हा सूर ब्रिटिश पत्रांत आणि हुजूर पक्षात चांगलाच उमटला. जुलै 1948 च्या अखेरीस कॉमन्स सभागृहात खुद्द चर्चिल हैदराबादच्या बाजूनं उभे राहिले. दिल्लीला ऑगस्टमध्ये श्वेतपत्रिका काढून आपली बाजू मांडावी लागली. त्याच दिवसांत सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून बीदर-वरंगळला विमानानं हत्यारं उतरवत होता. दिवसा लेख, रात्री बंदुका. (ब्रिटनमध्ये पुढं कॉटनवर खटला झाला आणि दंड किती? दोनशे पौंड.)

एक गोष्ट इथं मान्य करायला हवी. दुबळ्यानं परक्याच्या दारात जाऊन दाद मागणं यात मुळात पाप नाही. सातारचे वकील रंगो बापूजी गुप्ते 1840 च्या सुमारास लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथं ठाण मांडून बसले. सभा घेतल्या, कागदपत्रं छापून वाटली, खासदारांचे उंबरे झिजवले. आपण त्यांना मान देतो आणि द्यायलाच हवा. मग निजामाच्या वकिलांवरच राग का?

कारण घरात काय चाललं होतं ते बघा. संस्थानात 'गश्ती निशान 53' नावाचं फर्मान होतं, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. म्हणून तर आपल्या लोकांनी भाषा-संस्कृतीच्या नावाखाली महाराष्ट्र परिषद काढली. तिचं पहिलं अधिवेशन 1937 साली आपल्या शेजारच्या परतूरला, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली झालं. स्वामी रामानंद तीर्थांनी 15 ऑगस्ट 1947 ला तिरंगा हाती घेतला तर त्याच दिवशी अटक. लंडनच्या पेपरात हैदराबादच्या जनतेच्या स्वातंत्र्याबद्दल छापून येत होतं, आणि त्या जनतेला गावच्या पारावर सभा घ्यायची चोरी होती.

यात एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. शोएबुल्ला खान. 'तेज'मध्ये काम केलं, ते बंद पडलं. 'रय्यत'मध्ये गेला, तेही सरकारनं बंद केलं. मग स्वतःचं 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढलं. मुसलमान, उर्दूचा लेखक, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नाही. त्यानं लिहिलं की रझाकारांचे अत्याचार थांबवा आणि हैदराबाद भारतात सामील होऊ द्या. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना रझाकारांनी त्याला गाठलं. गोळ्या घातल्या, लिहिता हात तोडला. ती रात्र 21-22 ऑगस्टची.

आता तारीख नीट बघा. 21 ऑगस्ट 1948 याच तारखेला हैदराबाद सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला तार केली, की भारत आम्हाला धमकावतोय, न्याय द्या. जगाला ऐकवायचं म्हणून तार गेली, आणि त्याच शहरात जो ऐकवत होता त्याला रस्त्यावर मारलं. ही तारीख एकदा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 13 सप्टेंबरला फौजा आत आल्या. औरंगाबादनं लगेच शरणागती पत्करली, आपल्या जालन्यात मात्र निजामी फौजेनं बराच चिवट प्रतिकार केला. इकडं जालन्याच्या वाटेवर रणगाडे फिरत होते आणि 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली. संस्थानच्या बाजूनं मोईन नवाझ जंग, भारताच्या बाजूनं रामस्वामी मुदलियार. हा विषय घ्यायचा की नाही यावर मतदान झालं : बाजूनं आठ, विरोधात कुणी नाही, तटस्थ तीन. तटस्थांत रशिया, युक्रेन आणि चीन! तो चीन अर्थात चांग कै-शेकचा, आजचा नव्हे.

17 ला निजामानं शस्त्रं खाली ठेवली आणि रेडिओवरून स्वतः तसं सांगितलं. 22 ला तक्रार मागे घेतल्याची तार गेली. 23 ला पुन्हा रेडिओवर येऊन त्यानं सगळं खापर रझवी आणि त्याच्या टोळक्यावर फोडलं, म्हणजे परवापर्यंत लंडन-पॅरिसला जे सांगितलं जात होतं ते त्यानंच पुसून टाकलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले हैदराबादचे 10 लाख 7 हजार 940 पौंड आणि 9 शिलिंग तेवढे 20 सप्टेंबरला पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. त्याचा निकाल लागायला 2 ऑक्टोबर 2019 उजाडलं. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते, आणि न्यायालयानं ते भारत आणि निजामाच्या वारसांच्या पदरात टाकले.

इथं थांबलो असतो तर पोस्टला टाळ्या पडल्या असत्या. पण मग मीही लंडनच्या पेपरासारखंच एका बाजूचं छापलं असं होईल.

पोलीस ॲक्शनच्या नंतर मराठवाड्यात आणि कर्नाटकात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं 1948 च्या अखेरीस जिल्हे फिरून अहवाल दिला : कमीत कमी धरलं तरी 27 ते 40 हजार माणसं मेली. सर्वांत जास्त फटका उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. आपला औरंगाबाद जिल्हाही सुटला नव्हता. हा अहवाल आपल्या सरकारनं दाबून ठेवला. तो लोकांना मोकळेपणानं पाहायला मिळायला 2013 उजाडलं, म्हणजे पासष्ट वर्षं गेली. ज्या दिल्लीनं निजामाच्या प्रचाराला श्वेतपत्रिकेनं उत्तर दिलं, तिनंच हा कागद कपाटात घातला. निजामानं 'रय्यत' बंद केला म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, मग याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

चीनचं म्हणाल तर ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासानं आपल्या पत्रकारांनाच पत्र धाडलं होतं, तैवानच्या राष्ट्रीय दिनाबद्दल लिहिताना तैवानला देश म्हणू नका म्हणून. आपल्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, आमच्याकडं माध्यमं स्वतंत्र आहेत, त्यांना वाटेल ते लिहितील. उत्तर झकास होतं. मला ते वाचून आधी बरं वाटलं, आणि मग सुंदरलाल समितीचा अहवाल आठवला.

एक विनंती. 1948 ला जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीला टेकलेत. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड, परतूर भागात कुणाच्या घरी असे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा : त्या वर्षी गावात पेपर कोणता यायचा, तो कोण वाचून दाखवायचं, आणि लपवून वाचायची वेळ कधी आली होती का. दोन्ही समाजांतल्या घरांत विचारा. मला कळवलंत तर मी वही घेऊन येतो.