कारभारी, यजमान आणि साहेब

राज्यकारभाराचे आणि गृहकारभाराचे शब्द एकाच टांकसाळींत पडलेले असतात, असें म्हटल्यास पुष्कळांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु मंचरच्या बाजारांत घटकाभर उभें राहून आंबेगांव-जुन्नरकडील जुन्या वळणाच्या शेतकरी स्त्रियांचें बोलणें जो ऐकेल, त्याला या विधानाची सत्यता सहज पटेल. "आमचे कारभारी घोडेगांवला गेलेत," असें एक सांगेल. दुसरीच्या तोंडीं 'मालक' येईल, तिसरीच्या 'धनी'. नवऱ्याचें नांव मात्र कोणीहि घेणार नाहीं. नांव घेतल्यानें त्याचें आयुष्य उणें होतें, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. आणि नांवाची ती रिकामी जागा भरण्यासाठीं भाषेनें दरबार, बाजार व यज्ञमंडप या तिन्ही ठिकाणांहून शब्द उसने आणले.

'मालक' हा अरबींतून आलेला, जमिनीचा आणि गुरांचा हक्क सांगणारा शब्द. 'धनी' तर गड्याच्या आणि बायकोच्या तोंडीं सारखाच. 'कारभारी' याची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति मुत्सद्यांनीं राज्याची सूत्रें हातीं घेतलीं, तो बारभाईंचा कारभार. त्यांच्या हातीं सत्ता होती. गादी मात्र सवाई माधवराव या तान्ह्या मुलाची होती. कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा. तेव्हां नवऱ्याला कारभारी म्हणणाऱ्या बाईनें घराची मालकी नकळत आपल्याकडेच ठेविली, असा तर्क कोणीं केल्यास तो शब्दार्थाला धरूनच होईल. सातबारा मात्र या तर्काला क्वचितच दुजोरा देतो!

पांढरपेशांच्या घरीं 'यजमान' हा शब्द रूढ झाला. स्वतःसाठीं यज्ञ करविणारा तो यजमान. पुढें पुरोहिताचा आश्रयदाता, पाहुण्यांचा आतिथ्यकर्ता आणि शेवटीं पति. या शब्दाच्या मूळ अर्थाचा साक्षीदार मंचरहून फार दूर नाहीं. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राणीचा म्हणून मानला जाणारा प्राकृत लेख आहे. बहुतेक पंडित त्याचा काळ ख्रिस्तपूर्व पहिलें शतक धरतात. त्यांत अश्वमेध, राजसूय आदि यज्ञांची आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, हत्ती व नाण्यांची नोंद आहे. तेथेंच राजकुलाच्या मूर्ति कोरल्या होत्या. मूर्ति नष्ट झाल्या, पण त्यांच्यावरचीं नांवें राहिलीं. आणि त्यांत देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी हीं दोन नांवें एकत्र आहेत. पुढें याच वंशांतील राजे आपल्यास 'गौतमीपुत्र', 'वासिष्ठीपुत्र' असें मातेच्या नांवानें म्हणवीत. ज्या मुलखांत पतिपत्नींचीं नांवें दगडावर शेजारीं-शेजारीं कोरलीं गेलीं, त्याच मुलखांत पुढें पतीचें नांव ओठांवर आणणें अशुभ ठरलें!

बापाच्या बाबतींत शब्दांचा प्रवाह उलट वाहिला. एकत्र कुटुंबांत धाकटीं भावंडें ज्याला 'भाऊ' किंवा 'दादा' म्हणत, त्याला त्याचीं मुलेंहि तेंच म्हणूं लागलीं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मधील वडील मुलांचे 'भाऊ'च आहेत. हींच घरगुती नांवें दरबारांत गेलीं. चिमाजी झाले अप्पा, बाळाजी बाजीराव नानासाहेब, रघुनाथराव दादासाहेब. आणि १७६१ मध्यें पानपतावर पडले ते सदाशिवराव महाराष्ट्राच्या स्मरणांत 'भाऊ' म्हणूनच राहिले. विसाव्या शतकांत गांधीजी 'बापू' झाले, डॉ. आंबेडकर 'बाबासाहेब'. नवऱ्याला आपण मालक केलें, आणि पुढाऱ्याला बाप.

इंग्रजांची तऱ्हा फारशी निराळी नाहीं. त्यांचा 'ओल्ड मॅन' म्हणजे प्रसंगानुसार बाप, नवरा, कचेरींतील वरिष्ठ किंवा जहाजाचा कप्तान. 'गव्हर्नर' हा शब्द मुलगा बापाविषयीं आणि नोकर धन्याविषयीं सारखाच वापरी. 'हजबंड' मुळांत नॉर्स भाषेंतील घरधनी. 'बॉस' डच भाषेंतील मालक. परंतु इंग्रजाच्या या संबोधनांत थोडी थट्टा असते. आमच्या संबोधनांत धाक होता.

तो धाक कसा ओसरला, हें स्त्रियांच्या आत्मचरित्रांत दिसतें. रमाबाई रानडे यांनीं १९१० मध्यें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्तींचा उल्लेख त्यांनीं 'स्वतः' असा केला. १९३८ च्या इंग्रजी भाषांतराचें नांवच 'हिमसेल्फ' असें पडलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्यें निघाला. त्यांत त्या पतीला सरळ 'टिळक' म्हणतात, त्यांच्या लहरींवर हंसतात, रागावतात, आणि तरीहि त्यांचें प्रेम तिळमात्र कमी दिसत नाहीं. नांव घेतल्यानें टिळकांचें आयुष्य उणें झालें नाहीं. उलट मराठी वाचकांच्या मनांत तें वाढलेंच.

आतां सुशिक्षित घरांतून 'आमचे साहेब' असें म्हणण्याची रीत आहे. वरवर पाहतां ही कचेरींतील गुलामीच घरांत आली. पण 'साहेब' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोबती असा आहे. सत्तेनें त्याचा धनी केला. घरानें त्याला पुन्हां सोबती केलें, तर शब्द बदलण्याचीहि गरज उरणार नाहीं.